जळक्या ऑइलला घरात काम शोधू नका



जळके ऑइल आपल्या घरात फुकट येते, आणि फुकट आलेली वस्तू टाकून देण्याची आपल्याकडे रीत नाही. पॉवर टिलरचे ऑइल बदलले, मोटारसायकलचे बदलले, की तो काळा डबा गोठ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि वर्षभर त्याला कामे सापडत राहतात. कुंपणाच्या खांबांना वाळवी लागली, लाव ऑइल. म्हशीला खरूज झाली, लाव ऑइल. गटारात डास झाले, ओत ऑइल. अंगणात धूळ उडते, शिंपड ऑइल. घरातला मुलगा डबा रिकामा करायला निघाला तर आजोबा म्हणतात, "अरे, टाकू नको रे, होईल कशाला तरी." या काटकसरीचा आम्हांला आदरच आहे. जुन्या पिढीने काही वाया घालवले नाही, म्हणून तर घरे उभी राहिली.

तरीही आमचे स्पष्ट मत असे आहे की जळक्या ऑइलच्या बाबतीत ही काटकसर चुकीच्या ठिकाणी होते. या वस्तूला घरात, गोठ्यात किंवा शेतात एकही काम देऊ नये. ते झाकणबंद डब्यात जमवावे आणि पुन्हा शुद्ध करणाऱ्या कारखान्यापर्यंत जाईल अशा हाती द्यावे. ती वाट आज आपल्या खेड्यांत नीट नाही हे आम्ही जाणतो. ती कशी तयार करता येईल हेच या लेखात सांगावयाचे आहे. पण आधी, घरातला उपयोग का नको, ते पाहू.

नवे ऑइल आणि जळके ऑइल

नवे ऑइल मधाच्या रंगाचे असते आणि जुने काजळासारखे काळे. रंगाबरोबर आतला मालही बदललेला असतो. इंजिनात इंधन जळते, त्याची काजळी ऑइलमध्ये उतरते. ज्वलनात तयार होणारी, कर्करोगाशी संबंध असलेली काही द्रव्ये त्या काजळीबरोबर येतात. लोखंड, तांबे, शिसे, कथील यांचे बारीक कण बेअरिंग आणि रिंगांच्या झिजेतून येतात. जस्त तर नव्या ऑइलमध्येच, झीज कमी व्हावी म्हणून, मिसळलेले असते. शिवाय थोडे न जळलेले पेट्रोल किंवा डिझेल, थोडे पाणी आणि थोडे आम्ल. शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. त्यामुळे पूर्वीइतके शिसे आता ऑइलमध्ये नसते. पण बाकीचा मसाला तसाच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शुद्ध न केलेली किंवा अपुरी शुद्ध केलेली खनिज तेले माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली आहेत. पेट्रोल इंजिनातले वापरलेले ऑइल उंदरांच्या कातडीला वारंवार लावले असता तेथे कर्करोगाच्या गाठी आल्याचे प्रयोगांत दिसले आहे. ही गोष्ट तशी नवी नाही. इंग्लंडातील लँकेशायर परगण्यातल्या सूतगिरण्यांत चात्यांचे खनिज तेल वर्षानुवर्षे कामगारांच्या कपड्यांत मुरत असे. त्या कामगारांना जांघेच्या भागातल्या कातडीचा कर्करोग होतो हे १९२० च्या दशकातच डॉक्टरांनी नोंदवले होते. एकदा हाताला ऑइल लागले म्हणून कोणाला कर्करोग होत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. धोका आहे तो रोजच्या रोज लागण्यात आणि अंगावरच राहण्यात.

बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर काम करणारी मुले आपल्या पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या आया-बहिणींना आमचे सांगणे आहे की तेलकट पँट आणि खिशातले तेलकट फडके लहान मुलांच्या कपड्यांबरोबर धुऊ नका, आणि तेलाने भिजलेली पँट दुसऱ्या दिवशी तशीच पुन्हा घालू देऊ नका. मांड्यांवर किंवा हातांवर काळे ठिपके आणि पुळ्या येत असतील तर ती उष्णता समजून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे.

घरगुती उपयोगांचा हिशेब

आता एकेक उपयोग तपासू.

पहिला वाळवीचा. ऑइल लावलेल्या खांबावर वाळवी काही दिवस चढत नाही हे खरे. पण वाळवीचे घर जमिनीत असते, ते तसेच राहते. पावसाळ्यात खांबावरचे ऑइल धुऊन मातीत उतरते आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा लावावे लागते. म्हणजे वाळवी जिवंत आणि दरवर्षी मातीला थोडे थोडे ऑइल. खानापूर-चंदगड भागात काजू आहे. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची रीत किनारपट्टीवर जुनी आहे. होड्यांची लाकडेसुद्धा त्यानेच राखत. ते तेल कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे. ज्यांना परवडेल त्यांनी कुंपणाला दगडी खांब घालावेत, म्हणजे प्रश्नच मिटला.

दुसरा उपयोग जनावरांचा, आणि यावर आमचा सर्वांत अधिक आक्षेप आहे. गाय-म्हैस आपले अंग चाटते. खरजेवर लावलेले ऑइल म्हणजे तिच्या पोटात गेलेले ऑइल. उघड्यावर ठेवलेले जळके ऑइल चाटून जनावरांना शिशाची विषबाधा झाल्याचे पशुवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शिसे पोटात गेले की ते दुधातही उतरते, आणि ते दूध आपली मुले पितात, डेअरीलाही जाते. खरूज गोचिडीसारख्या सूक्ष्म किड्याने होते. तिच्यावर इंजेक्शन आहे, औषध आहे, आणि ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारता येते. जखमेवर माशी बसू नये एवढाच हेतू असेल तर करंजाचे किंवा कडुलिंबाचे तेल घरात असतेच.

तिसरा उपयोग चूल पेटवण्याचा. भुशात ऑइल मुरवून चुलीत किंवा गुऱ्हाळाच्या चुलवाणात घातले की जाळ छान लागतो. परंतु ऑइलमधले धातू जळून नाहीसे होत नाहीत. काही राखेत राहतात, काही धुरात जातात. चुलीपुढे तासन्तास बसते कोण? घरातली बाई आणि तिच्या मांडीवरचे मूल. राख जाते परसातल्या भाजीच्या वाफ्यात. फुकटच्या जाळाची ही किंमत आम्हांला फार वाटते.

चौथा उपयोग सेंटरिंगच्या फळ्यांचा. स्लॅब ओतण्यापूर्वी फळ्यांना जळके ऑइल फासतात, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. पण फासणारा मजूर उघड्या हातांनी फासतो आणि उरलेले पाणी पडताच अंगणभर पसरते. या कामासाठी वेगळे ऑइल बाजारात मिळते. घर बांधणाऱ्याने ठेकेदाराला ते वापरावयास सांगावे. लाखो रुपयांच्या घरात तेवढा खर्च जड नाही.

पाचवा उपयोग धूळ दाबण्याचा. याची एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेतील मिसुरी राज्यात टाइम्स बीच नावाचे छोटे गाव होते. १९७० च्या दशकात तेथील कच्च्या रस्त्यांवर धूळ बसावी म्हणून जुने ऑइल फवारले जाई. ऑइल पुरवणारा माणूस एका रासायनिक कारखान्याचा टाकाऊ मालही उचलत असे आणि तो माल त्या ऑइलमध्ये मिसळला गेला होता. त्यात डायॉक्सिन हे अतिशय जहाल विष होते. त्याच राज्यात घोड्यांच्या एका मैदानावर असे ऑइल फवारल्यावर १९७१ साली घोडे मरू लागले, तेव्हा पहिला संशय आला. अखेर १९८३ साली सरकारने ते सबंध गाव विकत घेतले आणि सुमारे दोन हजार माणसांना कायमचे घर सोडावे लागले. आपल्या डब्यात डायॉक्सिन असते असे आमचे म्हणणे नाही. पण काळ्या ऑइलमध्ये दुसरे काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. गॅरेजमधून आणलेल्या डब्यात तर मुळीच कळत नाही.

गटारातले ऑइल आणि डास

हा मुद्दा आम्ही वेगळा काढला आहे, कारण येथे एकट्या घराचा प्रश्न नाही. पावसाळा आला की कित्येक गावांत आणि शहरांतल्या गल्ल्यांत गटारावर जळके ऑइल ओततात किंवा ऑइलमध्ये भिजवलेले भुशाचे गोळे टाकतात. लोकही खूश होतात, कारण काहीतरी केल्याचे दिसते.

पाण्यावर तेलाचा तवंग असला की डासाच्या अळीला श्वास घेता येत नाही आणि ती मरते, हे शास्त्र बरोबर आहे. हिवतापाच्या मोहिमेत त्यासाठी खास पातळ तेल वापरले जात असे. इंजिनचे ऑइल मात्र जाड. ते सारखे पसरत नाही, कचऱ्याला चिकटते, वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. दोन दिवसांनी डास पुन्हा आहेतच.

त्याहून मोठी गोष्ट अशी की डेंगीचा डास गटारात वाढत नाही. तो स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. घरातला रांजण, टाकी, फ्रिजच्या मागचे भांडे, नारळाची करवंटी, परसात पडलेला टायर, ही त्याची ठिकाणे. तेथे कोणी ऑइल ओतणार नाही आणि ओतूही नये. म्हणजे ज्या डासाची आपल्याला भीती आहे तो घरात सुखरूप राहतो आणि आपण गटारात विष ओतून समाधान मानतो. आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी कोरडी करून घासणे, टाकीला झाकण किंवा कापड बांधणे, उघड्या हौदात गप्पी मासे सोडणे, आणि गटाराला उतार देऊन ते वाहते ठेवणे, हे खरे उपाय. त्यांना कष्ट पडतात, पण गुण येतो.

गटारातले ऑइल पुढे जाते कोठे? बेळगाव शहराचे सांडपाणी बळ्ळारी नाल्याला मिळते, आणि तो नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून जातो. पावसाळ्यात तो फुगला की पाणी भाताच्या वाफ्यांत शिरते हे तेथल्या शेतकऱ्यांना कोणी सांगावयास नको. या शिवाराचा बासमती नावाजलेला. शहरातल्या गल्लीने आपल्या गटारात जे ओतले ते त्या शेतकऱ्याच्या रोपांवर तवंग होऊन बसते. खानापूरकडे पाहिले तर कणकुंबीला मलप्रभा उगमते आणि खाली कित्येक गावे तिचे पाणी पितात. राकसकोपचे पाणी बेळगाव पिते. आपण उगमाजवळची माणसे. खालच्यांना कसे पाणी द्यावयाचे ते बरेचसे आपल्या हातात आहे.

म्हणून ग्रामपंचायतीच्या सभासदांना आमची विनंती आहे, आणि ती आम्ही आग्रहाने करतो. गटारात जळके ऑइल ओतण्याची पद्धत ठराव करून बंद करावी. तोच मजूर आणि तोच दिवस गटार उपसण्याला द्यावा.

एक लिटर म्हणजे किती

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा एक अंदाज नेहमी सांगितला जातो. एक लिटर जळके ऑइल दहा लाख लिटर गोडे पाणी बिघडवू शकते. हा आकडा आपल्या मापात बसवून पाहू. वीस फूट रुंदीची गोल विहीर आणि तिच्यात पंधरा फूट पाणी, म्हणजे सुमारे एक लाख तेहतीस हजार लिटर. त्या अंदाजाने एका मोटारसायकलचे ऑइल अशा सात विहिरींना पुरते.

आपल्याकडे जांभा दगड आहे. तो सच्छिद्र, वरचे पाणी खाली सहज सोडणारा. म्हणून तर पावसाळा संपला तरी विहिरींना झरे राहतात. जे छिद्र पाणी सोडते तेच ऑइलही सोडते. नदीकाठी किंवा विहिरीवर ज्यांची डिझेल इंजिने आहेत ते ऑइल तेथेच बदलतात आणि तेथेच मातीत सोडतात. गावातली सर्वांत वाईट जागा हीच. इंजिन हलवता येत नसेल तर निदान ऑइल घमेल्यात धरून घरी आणावे.

आता गावाचा हिशेब करू. समजा, गावात शंभर मोटारसायकली आहेत. प्रत्येकीत सुमारे एक लिटर, आणि वर्षातून दोनदा बदल. दोनशे लिटर झाले, म्हणजे एक भरलेले बॅरल. पॉवर टिलरचे अडीच लिटरच्या आसपास, मोटारीचे तीन ते चार, ट्रॅक्टरचे त्याहून अधिक, ते वेगळेच. एकेका घरात ते थोडे वाटते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

या बॅरलला किंमत आहे. इंजिनात ऑइल मळते, पण मुळात ते संपत नाही. नीट कारखान्यात ते गाळून, ऊर्ध्वपातन करून पुन्हा नव्यासारखे होते. पावणेचार लिटर जळक्या ऑइलपासून सुमारे २.४ लिटर चांगले ऑइल मिळते. तेवढेच ऑइल जमिनीतून काढलेल्या कच्च्या तेलापासून करावयाचे तर १५९ लिटर, म्हणजे तेलाच्या व्यापारातले एक पिंप लागते. आपला देश कच्चे तेल बहुतांशी बाहेरून आणतो. तेव्हा आजोबांच्या काटकसरीला खरा न्याय द्यावयाचा तर ऑइल खांबाला न फासता परत पाठवावे.

घरी ऑइल कसे जमवावे

ऑइल घरी बदलणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे आणि थोडे निवू द्यावे. कोमट ऑइल पूर्ण उतरते. कडक तापलेले हात भाजते. हातात मोजे घालावेत, ते नसतील तर प्लास्टिकची पिशवी बांधावी. खाली ऑइलच्या दुप्पट मावेल असे घमेले ठेवावे आणि घमेल्याखाली जुने पोते. नट काढून ऑइल पूर्ण निथळू द्यावे. फिल्टर बदलला असेल तर तोही रात्रभर त्याच घमेल्यात उपडा ठेवावा, त्यातही बरेच ऑइल राहते.

मग नरसाळ्याने ते ज्या डब्यातून नवे ऑइल आले त्याच डब्यात भरावे. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'जळके ऑइल' असे लिहून तारीख घालावी. खाण्याच्या तेलाचा डबा, पाण्याची किंवा सरबताची बाटली कधीही वापरू नये. याला कारण आहे. १९५९ साली मोरोक्को देशात मेकनेस शहराच्या परिसरात विमानाच्या इंजिनाचे जादा झालेले ऑइल व्यापाऱ्यांनी खाण्याच्या तेलात मिसळून विकले. सुमारे दहा हजार माणसांचे हातपाय लुळे पडले. तेथे लबाडी होती हे खरे, पण घरातली एक चुकीची बाटली लबाडीइतकेच नुकसान करू शकते. मुलाने चुकून ऑइल प्यायले तर त्याला ओकारी काढावयास लावू नये. ऑइल वर येताना फुप्फुसात उतरते आणि ते अधिक वाईट. तोंड पुसून, डबा बरोबर घेऊन, लगेच डॉक्टरकडे न्यावे.

या डब्यात पेट्रोल, रॉकेल, ब्रेक ऑइल, रेडिएटरचे पाणी, रंगाचा थिनर किंवा कीटकनाशक मिसळू नये. मिसळलेले ऑइल शुद्ध करणारे घेत नाहीत आणि मग खरोखरच त्याचे करावे काय हा प्रश्न पडतो. डबा पावसापासून, चुलीपासून, मुलांपासून आणि जनावरांपासून दूर, सावलीत ठेवावा.

खाली सांडले तर पाण्याने धुऊ नये, धुतल्याने ते फक्त पुढे जाते. त्यावर भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा टाकावा, मुरू द्यावा, आणि भरून पिशवीत बांधून ठेवावा. हात पेट्रोलने धुण्याची पुष्कळांना सवय आहे. पेट्रोल कातडीचे स्वतःचे तेल काढून टाकते आणि घाण आत जाण्यास वाट करून देते. आधी खोबरेल चोळावे, फडक्याने पुसावे, मग साबण लावावा.

मग द्यावयाचे कोणाला?

येथवर वाचून पुष्कळ जण विचारतील, "अहो, डबा भरून ठेवला, पुढे काय?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर घरावर ढकलून चालणार नाही.

भंगारवाला ऑइल घेतो आणि चार पैसेही देतो. पण ते पुढे कोठे जाते ते पाहिले पाहिजे. काही ऑइल भट्ट्यांत जाळण्यासाठी जाते. काही ठिकाणी ते आम्ल आणि मातीने वरवर साफ करतात. त्यातून निघणारा आम्लाचा काळा चिखल कोठेतरी टाकला जातो, आणि साफ केलेले ऑइल नव्याच्या नावाने विकले जाते. ही पद्धत सरकारने केव्हाच अमान्य केली आहे, तरी चोरून चालते. असे ऑइल फिरून आपल्याच इंजिनात येते आणि इंजिन लवकर बसते. नव्या ऑइलचा रिकामा डबा भंगारात देताना झाकण कापून द्यावे असे आम्ही म्हणतो ते एवढ्यासाठीच.

कायदा आता पुष्कळ स्पष्ट झाला आहे. २०१६ च्या धोकादायक टाकाऊ पदार्थांच्या नियमांत वापरलेले ऑइल येतेच. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यांत भर घातली आणि ती १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे जे ऑइल बनवतात किंवा परदेशातून आणतात त्यांच्यावरच ते परत जमा होऊन शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी आहे. पहिल्या वर्षी ५ टक्के आणि मग वाढवत ५० टक्क्यांपर्यंत असे प्रमाण ठरले आहे. ऑइल गोळा करणारे आणि शुद्ध करणारे यांनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नाव नोंदवावयाचे आहे.

पण कंपन्या हे प्रमाण मोठ्या गॅरेजांतून आणि कारखान्यांतून सहज भरतील, कारण तेथे एका ठिकाणी बॅरल मिळते. खानापूरच्या आडगावातला एक लिटरचा डबा गोळा करण्यास कोण येणार? म्हणून आमचे म्हणणे असे की जो नवे ऑइल विकतो त्याने जुने परत घ्यावे. दूधवाल्याकडे जशी बाटली परत जात असे, तशी. तालुक्याच्या गावातला ऑइलचा दुकानदार, शेती अवजारांचा विक्रेता, सोसायटीचे दुकान, यांनी आपल्याकडे एक झाकणाचे बॅरल ठेवावे आणि ज्या कंपनीचे ऑइल ते विकतात तिच्या प्रतिनिधीला सांगून नोंदणी असलेल्या माणसाकडून ते उचलून न्यावे.

कोणी सुचवतील की चर्चच्या आवारात किंवा शाळेत बॅरल ठेवू. हेतू चांगला, तरी आम्हांला ते पसंत नाही. मुले जेथे खेळतात तेथे ही वस्तू नको. आणि विकणाऱ्याची जबाबदारी आपण होऊन आपल्या अंगावर घेतली तर तो मोकळा होतो. आवारात करावयाचे काम दुसरे आहे. रविवारी मिस्सा झाल्यावर शेतकरी मंडळी बोलत उभी राहतात, तेव्हा दहा-पंधरा जणांनी मिळून ठरवावे की जो दुकानदार जुना डबा परत घेईल त्याच्याकडूनच नवे ऑइल घ्यावयाचे. एकटा शेतकरी बोलला तर दुकानदार हसेल, पंधरा गिऱ्हाइके बोलली तर ऐकेल.

तोवर काय करावे? ज्यांना शक्य आहे त्यांनी ऑइल घरी न बदलता कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदलावे आणि तेथे विचारावे, "जुने ऑइल कोणाला देता? नोंदणीवाला आहे का?" घरी बदलणाऱ्यांनी डबे साठवून शहरात जाताना अशाच ठिकाणी घेतात का ते पाहावे. नाव नोंदलेल्यांची माहिती अलीकडे कर्नाटकाच्या आणि पलीकडे चंदगडकरांनी महाराष्ट्राच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागावी. डबा वर्षभर गोठ्यावरच्या माळ्यावर राहिला तरी ऑइल नासत नाही. मातीत गेलेले मात्र परत आणता येत नाही.

मृग जवळ आला की टिलर आणि पंप बाहेर निघतील आणि घरोघरी ऑइल बदलले जाईल. यंदा त्या वेळी घमेले, नरसाळे आणि झाकणाचा डबा आधी तयार ठेवा. डबा भरला की घरातल्या मोठ्यांना सांगा, "बाबा, हे खांबाला नको, हे दुकानात परत जायचे आहे." आणि दुकानदार नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला बरोबर घेऊन पुन्हा जा.